शेजारच्या देशाची पट्टी

पूर्णा जंक्शनच्या फलाटावर, मे महिन्याच्या रणरणत्या दुपारी, अण्णांनी माझ्या कुडत्याची बाही चिमटीत धरली आणि विचारलं, "येकच घातलं का अंगात?" मी वैतागले. वर तापलेले पत्रे, सोबत सामानाचे चार डाग, गाडी यायची वेळ झालेली, आणि ह्यांचं हे. "अण्णा, ऊन केवढं हाय! दोन कामून घालू?" असं काहीतरी बोलून गेले. त्यांनी बाही सोडली, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा लावला. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात हलवला नाही, ते सिग्नलकडे बघत होते. माझे वडील जन्मभर रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी सुटताना ते पोरीकडे न बघता सिग्नलकडेच बघणार, हे मला ठाऊक होतं. तरी परभणी येईपर्यंत मी रडत होते.

त्याला बारा वर्षं झाली. मी कॅनडाच्या मधोमध, सस्कॅचवान नावाच्या गव्हाच्या सपाट मुलखात येऊन पडले. नवरा धान्याच्या कोठारात काम करतो. इथे त्याला एलिव्हेटर म्हणतात. पहिल्यांदा मी फोनवर अण्णांना सांगितलं की हे एलिव्हेटरवर असतात, तर त्यांनी गल्लीत सांगितलं की जावई लिफ्ट चालवतो. मी ते दुरुस्त करायच्या भानगडीत पडले नाही. इथे ओट्याला काउंटर म्हणतात, फेब्रुवारीत अंगणातल्या बर्फात कोथिंबिरीची कुंडी सापडत नाही, आणि ज्वारीचं पीठ तीन तासांवरच्या शहरातून आणून फ्रीझरमध्ये ठेवावं लागतं. बाकी माणसं चांगली आहेत. दारात बर्फ साचला की न सांगता ओढून जातात.

पूर्णेत राहिलेल्या माझ्या मैत्रिणी अजून विचारतात, "पोरीला शाळंत कामून घालत न्हाईस? काही कमी हाय का तिच्यात?" बायांनो, पोरीत काही कमी नाही. आमच्या गावातली शाळा पोरांअभावी बंद पडली. दुसऱ्या शाळेत पिवळ्या बसनं जाऊन यायचं म्हटलं तर रोजचे दोन तास, आणि जानेवारीत बाहेर इतकी थंडी की डोळ्यांच्या पापण्या चिकटतात. म्हणून रेवा घरी शिकते. इथे ते चालतं. फक्त वर्ष सुरू व्हायच्या आधी काय शिकवणार ह्याचा आराखडा शिक्षण कचेरीला लिहून पाठवावा लागतो, आणि वर्षअखेरीस काय शिकवलं ते दाखवावं लागतं. गणित नवरा घेतो. भाषा आणि इतिहास माझ्याकडे, कारण मी पुण्यात राहून इतिहासात बी.ए. केलंय आणि ते मी कोणाला विसरू देत नाही.

रेवा अकरा वर्षांची झाली तेव्हा जगाचा इतिहास सुरू करायचा होता. मी तपकिरी कागदाचा मोठा रोल आणला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर तीन आडव्या पट्ट्या चिकटवल्या. वरची 'आपला देश', मधली 'शेजारचा देश', खालची 'बाकीचं जग'. कल्पना अशी की एकाच काळात तिन्हीकडे काय चाललं होतं ते पोरीला एका नजरेत दिसावं. पहिल्याच महिन्यात माझी फजिती झाली. शेजार म्हणजे अमेरिका, आणि घरी शिकवायची पुस्तकं बहुतेक तिकडचीच. त्यांत अमेरिकेची एकेक लढाई प्रकरणभर चालते आणि कॅनडा लग्नातल्या लांबच्या काकासारखा मध्येच येऊन नमस्कार करून जातो. मधली पट्टी गच्च भरली, वरची मोकळी राहिली. मी ग्रंथालयातून पुस्तकं आणली, इथल्या मूळ लोकांचा इतिहास शोधला, देशभर रेल्वे कशी टाकली ते शोधलं. रेल्वे आली की मला हुरूप येतो. हळूहळू दोन्ही पट्ट्यांचा तोल जमला आणि मी स्वतःवर खूश झाले.

मग एका दुपारी रेवा खालच्या पट्टीवर काहीतरी चिकटवत होती. इजिप्त, चीन, रोम, आणि त्यांच्या शेजारी दोन बोटं रुंदीचा एक कागद. मी विचारलं, हे काय? ती सहज म्हणाली, "तुझा देश. तो बाकीच्या जगात आहे ना, आई."

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. इथे जन्मलेली पोर, खिडकीबाहेर दिसतं ते तिचं. पण मला ते इतकं लागलं की मी तो कागद उपटला आणि वरच्या पट्टीवर, कॅनडाच्या बरोबर मध्ये, डिंकानं थापला. पुढचे दोन महिने मी रोज भारत शिकवला. मोहेंजोदडोपासून सुरुवात केली आणि थांबलेच नाही. देवगिरीचे यादव चार दिवस चालले. नवरा जेवताना भिंतीकडे बघून म्हणाला, "कॅनडा काय सुट्टीवर गेलाय का?" मी पोळी जरा जोरात वाढली. मग रेवा हातात कागद घेऊन भिंतीजवळ आली. ती म्हणाली, "वर तुझा देश लावलास. मग माझा कुठे लावू?"

मला काय हवं होतं ते मी कोणाशी बोलले नव्हते, इथे सांगते. अण्णा पंचाऐंशीच्या घरात आहेत. डावा कान गेला, उजवा जायलाय. रेवानं त्यांना दोनदाच पाहिलंय. ते आहेत तोवर ह्या पोरीनं त्यांना आपल्यात धरावं, आपलं माणूस म्हणून मोजावं, एवढंच मला हवं होतं. ते जर इजिप्तच्या शेजारी दोन बोटांच्या कागदावर राहिले, तर मी एवढ्या लांब येऊन काय कमावलं, हे मला स्वतःला सांगता येणार नव्हतं.

आमच्याकडे रविवारची सकाळ म्हणजे पूर्णेत संध्याकाळ. तेव्हा फोन होतो. वहिनी फोन अण्णांच्या उजव्या कानाला धरून उभी राहते आणि मधूनमधून 'मोठ्यानं बोला' म्हणते. त्या रविवारी मी रेवाला पुढे केलं. म्हटलं, आपण जे लिहिलंय ते अण्णांना वाचून दाखव. ती भिंतीजवळ उभी राहिली आणि माझ्या अक्षरातली ओळ तिनं तिच्या अडखळत्या मराठीत वाचली. "अण्णांचा देश स्वतंत्र झाला, पंधरा ऑगस्ट एकोणीसशे सत्तेचाळीस."

"न्हाई," अण्णा म्हणाले.

रेवानं माझ्याकडे बघितलं.

"आमचा न्हाई झाला तवा. आमी दुसऱ्या देशात होतो. निजामाच्या. आमचं सतरा सप्टेंबरला झालं, पुढच्या वर्षी."

ज्या गावात मी दरवर्षी सतरा सप्टेंबरला इस्त्रीचा गणवेश घालून झेंडावंदनाला गेले, प्रभातफेरीत घसा बसेपर्यंत ओरडले, जिथे गावोगावी चौकात हुतात्मा स्मारकं आहेत, तिथली ही पोरगी इतिहासात बी.ए. होऊन बापाच्या स्वातंत्र्याची तारीख चुकली होती. आणि ही नुसती चूक नव्हती. पुण्याला गेले त्या पहिल्या वर्षी, सतरा सप्टेंबरला सकाळी मी आंघोळ करून पांढरा पंजाबी घालून तयार बसले होते, झेंडावंदन कुठे आहे म्हणून विचारत. खोलीतल्या पोरींना कळेना. मी सांगितलं, तर एक जण हसत म्हणाली, "म्हणजे तुम्ही भारतात नव्हताच की!" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्यानंतर मी तो दिवस कोणाला सांगितला नाही. बी.ए.च्या तीन वर्षांत आमच्या मराठवाड्याला अर्धं पान मिळालं, आणि ते अर्धं पान का, असं मी एकदाही विचारलं नाही. रेवानं माझा देश दोन बोटांत बसवला म्हणून मी डिंक घेऊन धावले, पण मी स्वतः अण्णांचा देश त्याहून बारीक करून ठेवला होता.

रेवाला मात्र नवीनच सापडलं. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "मग अण्णा, तुमच्या वरच्या पट्टीवर काय? आणि शेजारचा देश कुठला?"

"वर हैदराबाद. अन् शेजारी तुमचा हिंदुस्थान की," अण्णा हसले. "आगदी शेजारचं म्हणशील तं वऱ्हाड. कागदावर तेबी निजामाचंच, पर राज इंग्रजाचं. माझी माय तिथलीच. वऱ्हाडातून आली ती."

रेवाला वऱ्हाड एकच माहीत, नाचणारं, बँडबाजावालं, लग्नाच्या व्हिडिओतलं. तिनं मधल्या पट्टीवर कागद लावला आणि इंग्रजीत लिहिलं, 'लग्नाच्या पाहुण्यांचा देश'. मी दुरुस्त करायला गेले आणि थांबले. आजी आली होती ती लग्न होऊनच.

त्या रविवारपासून इतिहासाचा तास अण्णांचा झाला. रेवा विचारायची, अण्णा सांगायचे, वहिनी उभ्या उभ्या हात बदलायची. शाळेबद्दल सांगितलं. पहिलीत अलिफ-बे गिरवलं, मग त्या सप्टेंबरात शाळा बंद पडली, आणि उघडली तेव्हा मास्तर तेच, पाटी तीच, अक्षरं दुसरी. रेवानं विचारलं, "मग जिंकलं कोण?" मला वाटलं अण्णा आता झेंड्याचं सांगतील. त्यांनी सांगितलंही. रझाकारांच्या भीतीनं आई चुलीत जाळ मोठा करू द्यायची नाही, ते सांगितलं. झेंडा लागला त्या दिवशी गूळ वाटला, ते सांगितलं. मग म्हणाले, "अन् आठ दिसांनी बघतो तं शेजारचं दार बंद. माझ्या जोडीचा पोरगा होता तिथं, गोट्या खेळायचो आमी. त्याच्या घरचे रातोरात कुठं गेले कोणी सांगंना. तेबी लिही, माय. येक लिहून येक सोडू नको."

एवढ्या वर्षांत हे शेजारचं दार मी कधी ऐकलं नव्हतं. मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. रेवानं एकाच तारखेखाली दोन कागद लावले. वरच्या पट्टीवर गुळाचा खडा काढला, मधल्या पट्टीवर कुलूप.

मग मार्च महिन्यात, बाहेर अजून गुडघाभर बर्फ असताना, सदऱ्यांची गोष्ट आली. रेवानं विचारलं होतं, दोन देशांच्या मध्ये काय होतं, भिंत होती का? अण्णा म्हणाले, नदी होती, पैनगंगा. उन्हाळ्यात त्यांची आई त्यांना घेऊन माहेरी जायची. हिंगोलीपर्यंत आगगाडी, पुढे बैलगाडी, दोन दिवसांची वाट. जाताना कोणी विचारायचं नाही. येताना मात्र नदीच्या अलीकडं नाका, करोडगिरीचा. म्हणजे जकातीचा. तिथले शिपाई गाठोडी सोडून बघायचे, नवं कापड दिसलं की अडवायचे. आजोळहून तर नवे सदरे मिळायचेच, अण्णांना एक आणि चुलत भावंडांना दोन. तर माझ्या त्या आजीनं काय केलं, भर वैशाखात पाच वर्षांच्या पोराच्या अंगात तिन्ही सदरे एकावर एक चढवले. पोरगं घामानं निथळतंय, तोंड लालबुंद. नाक्यावरच्या शिपायानं गाडीत डोकावून विचारलं, "बच्चे को बुखार है क्या?" आजी पदर तोंडाला लावून म्हणाली, "हां जी, लय ताप हाय."

रेवा हसून हसून खाली बसली. मीही हसत होते. तेवढ्यात अण्णा तिकडून म्हणाले, "तुझी आय निघाली तवा मला तेच आठवलं. म्हणलं, चार झगे येकावर येक घालून जावं हिनं. पेट्या कुठं बी जातील. अंगावरचं तं ऱ्हाईल."

मी फोनपासून लांब गेले. बारा वर्षं मला वाटत होतं की अण्णांना कॅनडाच्या थंडीची काळजी होती, किंवा वयानं काहीतरी बोलून गेले. मी तर इथे आल्यावर ही गोष्ट लोकांना गंमत म्हणून सांगितली होती, की आमचे वडील मे महिन्यात म्हणाले दोन कपडे घाल. आता मला तो फलाट, ती चिमटीतली बाही, आणि मी दिलेलं ते उत्तर, सगळं पुन्हा दिसायला लागलं. मी तेव्हा गप्प बसून नुसता वर एक कुडता चढवला असता तर काय बिघडलं असतं? फार फार तर घाम आला असता.

रेवाचं अजून चालूच होतं. "पण अण्णा, दोन दिवस लागायचे, नदी, नाका, दुसरा देश. तुमच्या आईला लांब नाही वाटायचं?"

"तिला कोणी इचारलं ना, की बाई माहेर कुठं, तं काय म्हणायची माहीत हाय का? 'लांब कुठं हाय, शेजारी तं हाय.' मरेपर्यंत तेच म्हणायची. शेवटची धा-बारा वरसं जाणं झालं न्हाई, तरी शेजारीच."

एप्रिलअखेर पुढच्या वर्षाचा आराखडा पाठवायचा होता. ह्या वेळी मी भिंतीसारखेच तीन रकाने आखले आणि रेवाला म्हटलं, तू भर, मी फक्त वाचेन. खरं सांगते, मला धाकधूक होती. आपल्या देशाच्या रकान्यात तिनं कॅनडा लिहिलं आणि मला काही वाटलं नाही, तो तिचाच आहे. बाकीच्या जगात तिनं आफ्रिका, चीन, रशिया लिहिलं. मधला रकाना शेवटी भरला. शेजारचा देश, अमेरिका. त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, परभणी जिल्हा. कागदावर शेजारी एक ओळ मोकळी होती, 'निवड का केली' अशी. तिथे तिनं लिहिलं, 'कारण शेजारचा देश म्हणजे जिथून आई येते तो.'

मी विचारलं, हे कचेरीत कसं समजेल? नकाशा बघतील ना ते. ती म्हणाली, "विचारलं तर सदऱ्यांची गोष्ट सांगीन." मी तो कागद तसाच पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, त्यांना मी इतकी वर्षं सांगत आले की मी फार लांब आहे. माझ्यासारखे जे निघाले, त्यांच्याशीही माझं बोलणं लांबीचंच असायचं, किती तास, किती विमानं, शेवटचं कधी जाऊन आलीस. आता इथल्या दुकानात कोणी विचारलं, तुझं घर कुठे, की तोंडावर आजीचं उत्तर येतं. इंग्रजीत ते वेड्यासारखं वाटतं, म्हणून मी मनातच म्हणते. पण म्हणताना बाही हातात येते. मी ती धरून बघते.

ह्या मे महिन्यात आम्ही दोघी जाणार आहोत, तिकिटं काढली. परवाच्या रविवारी रेवानं अण्णांना ते सांगितलं. सांगून झाल्यावर तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "अण्णा, येताना मी किती सदरे घालून येऊ?"

वहिनीनं ते अण्णांच्या उजव्या कानात पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग वहिनी हसल्याचं ऐकू आलं, आणि अण्णांचा आवाज आला.

"येताना येकच घाल, माय. हितं ऊन हाय. बाकीचे मी शिवून ठिवतो, जाताना घाल."